अक्काला समजलं

वायरशेठच्या गळ्यात कायम वायरींचा हार असे. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, बुटाच्या नाडीएवढ्या जाडीच्या आणि दोन्ही टोकांना चकचकीत पिना. काम करता करता हाताशी असाव्यात म्हणून त्या गळ्यात टाकायचा, आणि मग काढायचा विसरायचा. खाली दूध घ्यायला आला तरी हार गळ्यात. आमची दूधवाली एकदा त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हाऊ कोन्ता देवना हार शे रे भाऊ?" हा पठ्ठ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आवाजना देवना, मावशी." तिने लगेच पातेलं खाली ठेवून हात जोडले. मी जिन्यातच हसत बसले.

खरं नाव त्याचं वेगळं, पण देवपुरातल्या आमच्या गल्लीत कुणी ते घेतलं नाही. दोंडाईच्याच्या मारवाडी घरातला मुलगा, मिरचीचा तीन पिढ्यांचा व्यापार, म्हणून शेठ. आणि गळ्यात वायरी, म्हणून वायरशेठ. माझी वरची खोली त्याने भाड्याने घेतली तेव्हा मी विचारलं, "काय करतोस बाबा?" तो म्हणाला, "अक्का, मी मॉड्युलर सिंथेसायझरचे मॉड्यूल बनवतो." मी म्हटलं, "बरं बरं," आणि किल्ली दिली. कळलं काहीच नव्हतं. इथूनच सुरुवात झाली बघा. मला ही खोडच आहे. समोरचा जीव तोडून सांगत असला की मी आपली मान हलवते.

पण त्याला नुसती मान पुरत नसे. दर दोन वाक्यांनंतर तो थांबायचा आणि मान तिरकी करून विचारायचा, "अक्का, बठ्ठं समजनं का?" एरवी माझ्याशी मराठीत बोलणारा, पण 'सगळं समजलं का' हे मात्र अहिराणीतच. मी "हो" म्हटलं की तो म्हणे, "मग मला सांगा." आली का पंचाईत! मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं काय ते पुड्यांचे कागद वाचून आणि लोकांना प्रश्न विचारून शिकले. तर हा मला परीक्षेला बसवायचा.

हळूहळू समजायला मात्र लागलं. त्याचं ते वाद्य म्हणजे पेटीसारखं एक नव्हे. लाकडी चौकटीत बसवलेले पुष्कळ छोटे डबे. एक डबा नुसता आवाज काढतो. दुसरा तो गाळतो. तिसरा नळासारखा आवाज सोडतो आणि बंद करतो. कुठल्या डब्यातून कुठल्या डब्यात वायर घालायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी म्हटलं, "म्हणजे मिसळणाचा डबाच की रे हा. मोहरी वेगळी, हळद वेगळी, भाजी करणाऱ्याने काय किती घालायचं ते बघावं." त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याला बक्षीस दिलं. दुसऱ्या दिवशी माझा मिसळणाचा डबा वर, कॅमेऱ्यापुढे. मी दुपारभर फोडणीला मोहरी शोधतेय!

कारण वायरशेठ नुसते मॉड्यूल बनवत नसे, ते शिकवतही असे. प्रत्येक नव्या मॉड्यूलबरोबर एक व्हिडिओ. पुण्याचे, बंगळुरूचे, कुठले कुठले हौशी लोक त्याच्याकडून सुटे भाग मागवत आणि व्हिडिओ बघून घरी जोडत. नावं त्याने आपल्याकडची ठेवली होती. एक मॉड्यूल दुसऱ्याचं बटण जणू अदृश्य हाताने सावकाश वर-खाली फिरवायचं, त्याचं नाव 'झोका'. "आखाजीला निंबाच्या झाडाला बांधतात ना अक्का, तसा. वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात ती. तो झोका मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माहेरची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं आवाज फार मोठा झाला. धावत येऊन बारीक केला आणि तीनदा माफी मागितली.

व्हिडिओत मी कशी शिरले ते सांगायचं राहिलं. एकदा तो बोलत होता आणि मी चहा घेऊन दारात उभी. न राहवून विचारलं, "अरे पण ही वायर तिकडे का घातलीस?" ते तसंच ध्वनिमुद्रित झालं. लोकांना तेच आवडलं. खाली लिहायला लागले, 'आमचीही शंका हीच होती', 'अक्कांना विचारा'. मग त्याने नियमच केला. नवं मॉड्यूल झालं की आधी मला समजावायचं. जिथे मी अडले तिथे व्हिडिओत थांबायचं, उदाहरण द्यायचं, पुन्हा दाखवायचं. जे मला पटकन समजलं ते एका वाक्यात सांगून पुढे जायचं. "अक्काला समजलं म्हणजे सगळ्यांना समजलं." हे तो सगळ्यांना सांगायचा. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा, आणि आज तेच वाक्य आठवलं की मान खाली जाते.

त्याच्या वडिलांना आम्ही सगळेच बाबूजी म्हणत असू. पांढरी टोपी, बोटांना मिरचीचा लालसर रंग बसलेला. ते एकदा आले ते थेट वर गेले, खुर्चीवर बसले आणि बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "अक्का, मैंने इसको सालदार जैसा छोडा है. आखाजी ते आखाजी. पोटापुरतं निघालं तर ह्याचं सुख ह्याला. नाही तर गादीवर येऊन बसायचं." आमच्याकडे शेतावरच्या सालदाराचं वर्ष आखाजीला भरतं, हिशेब होतो, तो राहतो किंवा जातो. स्वतःच्या मुलाशी असा करार! मला राग आला. पण उठताना बाबूजींच्या बाहीचा धक्का एका बटणाला लागला, तर त्यांनी वाकून, चष्मा सावरून, ते बटण अगदी होतं तिथे परत आणून ठेवलं. मग राग कुठे ठेवायचा तेच कळेना.

वायरशेठ मात्र बापाचा विषय निघाला की गळ्यातल्या वायरी कुरवाळत बसे. "बाबूजी एकटेच पोती मोजतात अक्का. खोकतात. आणि मी इथे आवाज काढतो," म्हणायचा. दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता तो पोरगा, आणि दोन्हीकडची माफी मागत होता.

त्या सालात त्याची सगळी मदार एका मॉड्यूलवर होती. नाव 'पांझरा'. आमच्या नदीसारखंच, कधी भरून वाहील आणि कधी वाळू दाखवील ते सांगता यायचं नाही. प्रत्येक वेळी वेगळा सूर. त्याच्या लोकांनी नुसती झलक ऐकून मागण्या नोंदवल्या. एवढे सुटे भाग कधी आणले नव्हते त्याने. जिन्यात खोकी, माझ्या देवघराशेजारी खोकी. "अक्का, हे गेलं की बाबूजींना सांगेन, अजून एक साल द्या." आखाजी जवळ आली होती.

आणि जवळ आली होती म्हणजे उन्हाळ्याची कामंही आली होती. त्या दिवशी माझ्या बिबड्या होत्या, म्हणजे आमचे उन्हाळी पापड. ज्वारीचं पीठ शिजवून झालं होतं, गच्चीवर खाटेवर ओलं धोतर अंथरलं होतं. बिबड्यांचं पीठ गरम असतानाच थापावं लागतं, गार झालं की चिरा पडतात. ज्यांनी केल्या आहेत त्यांना सांगायला नको. तेवढ्यात हा हातात पांझरा घेऊन आला. "अक्का, दोनच मिनिटं."

मी थापत होते, तो उकिडवा बसून सांगत होता. शेवटी त्याने एक चपटी वायर दाखवली, मॉड्यूलला वीज देणारी. तिच्या एका कडेला लाल पट्टी. "ही लाल बाजू उणे. ती खाली यायला पाहिजे." आता बघा, इन्व्हर्टरची बॅटरी असो की गाडीची, लाल म्हणजे अधिक हे आपल्या डोक्यात घट्ट. एरवी मी लगेच म्हटलं असतं, अरे लाल उणे कशी? पण पीठ गार होत होतं आणि कावळे कठड्यावर जमले होते.

"बठ्ठं समजनं का, अक्का?"

"समजलं रे बाबा, समजलं. ऊठ, तुझी सावली पडतेय बिबड्यांवर."

"मग मला सांगा."

"आता काय तोंडाने सांगू, हात भरलेत माझे!"

तो हसला आणि उठला. व्हिडिओत लाल पट्टीला एक वाक्य मिळालं. अक्काला समजलं होतं ना.

खोकी गेली. काही दिवसांनी पहिला फोन आला: धूर निघाला. मग दुसरा. मग तो फोन उचलायच्या आधीच डोळे मिटायला लागला. सगळ्यांनी नव्हे, पण पुष्कळांनी लाल बाजू वर लावली होती, तुमच्या-माझ्यासारखीच. उलटी वीज शिरली आणि आतल्या आयसी, त्या काळ्या चिपा, जळाल्या. त्याने ज्यांचं ज्यांचं जळलं त्यांना, कुणी मागो न मागो, नवं पाठवलं. जिन्यातली उरलेली खोकी त्यातच संपली आणि त्यांच्याबरोबर ते सालही.

मी वर गेले आणि त्याला सांगितलं. सरळ सांगितलं, की मी त्या दिवशी ऐकतच नव्हते. लाल पट्टी मला समजली नव्हती. तो सुटे भाग जोडायची, डाग देण्याची सळई हातात धरून बसला होता, थंड सळई. ती त्याने जागेवर ठेवली. मग म्हणाला, "पण बिबड्या छान झाल्या होत्या अक्का."

टोमणा नव्हता तो. त्याला टोमणे येतच नसत. माझ्यासाठी काहीतरी चांगलं शोधत होता बिचारा, आणि त्याला तेवढंच सापडलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने खाली गेले असते.

मी म्हटलं, "कॅमेरा लाव. मी सांगते लोकांना." तर ऐकेना. "वायर उलटी लागली तरी काही जळू नये असा एक लहानसा भाग असतो, डायोड. जागा वाचवायला तो मी टाकला नाही. चूक माझी आहे." मी म्हटलं, "आणि माझी?" तर म्हणाला, "अक्का, लोक तुमच्या 'समजलं'वर वायरी लावतात. ते राहू द्या. माझ्यावरचा विश्वास मी परत मिळवीन." आणि खरंच, व्हिडिओत त्याने हात जोडून सगळं स्वतःवर घेतलं. खाली लोकांनी लिहिलं, 'अक्का कशा आहेत?' मी ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

आखाजीला बाबूजी दुकानाचा छोटा टेम्पो घेऊन आले. मी आमरस केला, सांजोऱ्या केल्या. जेवताना बाबूजींनी सांजोरी अर्धीच ठेवली. मुलाने हरावं असं त्यांनाही वाटत नसावं. वायरशेठ म्हणाला, "अक्का, बिबड्या नाही तळल्या?" डबा भरलेला होता. मी म्हटलं, "संपल्या." तो डबा अजून फडताळात आहे. माझ्या हातून तळवत नाही आणि टाकवतही नाही.

जाताना त्याने झोका आणि एक लहान स्पीकर माझ्याकडे ठेवला. गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. गल्लीतल्या बायका बघत होत्या. दूधवालीने विचारलं, "आते तुना देव कुठे चालना?" या वेळी त्यानेच हात जोडले आणि तो टेम्पोत चढला.

आता तो गादीवर बसतो. मिरचीची पारख करतो, चांगली करतो म्हणे. मी मात्र त्याचे जुने व्हिडिओ लावून झोका चालवायला शिकले. लोक अजून त्या व्हिडिओंखाली शंका विचारतात, 'नवीन काही येणार का' विचारतात. शंका घेऊन मी त्याला फोन करते. नवीनचं विचारलं की तो मिरचीचे भाव सांगायला लागतो, म्हणून ते विचारत नाही.

गेल्या रविवारी विचारावंच लागलं नाही. तो आपणच म्हणाला, "अक्का, रोज तराजूकडे बघतो ना, तर डोक्यात एक आलंय. एका बाजूने एक वीज येईल, दुसऱ्या बाजूने दुसरी. जी जड होईल तिकडे पारडं जाईल, आणि गेलं की टक् असा एक ठोका देईल. नाव 'तराजू'. डायोड आधी टाकलाय, मग बाकीचं. आणि लाल पट्टीवर मोठ्या अक्षरात 'उणे' छापणार."

मागे कुणीतरी भाव विचारत होतं. बाबूजींचा आवाज आला, "अरे, गिऱ्हाईक उभं शे!"

"बठ्ठं समजनं का, अक्का?"

जन्मभर तराजू बघितलेत मी. पहिल्या वाक्यालाच समजलं होतं. घशाशी आलं होतं 'हो'. ते गिळलं. आधीच्या खोट्याने काय झालं ते बघितलं होतं, आणि हेही खोटंच होतं, पण म्हटलं, "नाही रे. काहीच नाही समजलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि त्याचा आवाज, जरा दुसरीकडे वळून:

"थांबा बाबूजी. अक्काला अजून समजलं नाही."

मी वाट बघत होते, की आता बाबूजी रागावतील. पण त्यांनी गिऱ्हाइकाला बसा म्हटल्याचं ऐकू आलं, आणि वायरशेठ पहिल्यापासून सांगायला लागला.