प्रस्थान गॅरेजमध्येच ठेवलं होतं

या फोरमवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसत हसतच वाचतोय. प्रत्येक जण आधी शपथेवर सांगतो की आपला असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही, आणि मग पुढे... असो. आता मीही त्याच रांगेत उभा आहे, तेव्हा हसायचा हक्क तुमचा. मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहतो. एकतीस वर्षं पाइपलाइन इंजिनिअर आहे. गळती झाली की ती नेमकी कुठून झाली ते शोधायचं, हा माझा धंदा. कारण सापडल्याशिवाय मी आजवर एकही फाइल बंद केलेली नाही. ही एक सोडून.

माझी बायको वृंदा नागपूरची. लहानपणी तिच्या घरी बिस्किटांचा एक टिनचा डबा होता, त्यात सुया-दोरे ठेवलेले असायचे. झाकणावर आल्प्समधल्या गावाचं चित्र होतं – बर्फ, लाकडी घरं, कांद्याच्या आकाराचं टोक असलेलं चर्च, आणि उतारावरून स्की करत येणारी लाल स्वेटरमधली एक बाई. मे महिन्याच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून ही त्या बाईकडे बघत बसायची. लग्नानंतर मला तिनं पहिल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं, "एकदा मला या डब्यात जायचंय." मी हो म्हणालो, आणि तीस वर्षं टाळलं. काम, मुलीचं कॉलेज, घराचं रूफ... कारणं भरपूर असतात.

दोन वर्षांपूर्वी वृंदाला कॅन्सर निघाला. ट्रीटमेंट झाली, केस परत आले, आम्ही श्वास सोडला. आणि गेल्या सप्टेंबरच्या स्कॅनमध्ये फुप्फुसावर एक डाग दिसला. छोटा. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच सांगता येत नाही, तीन महिन्यांनी परत स्कॅन करू. घरी येताना हायवेवर वृंदा म्हणाली, "चल, जानेवारीत त्या डब्यात जाऊन येऊ."

मी कामाला लागलो. स्प्रेडशीट उघडली – फ्लाइट, ट्रेन, स्की स्कूल, बुटांचे साइझ, सगळ्यांचे वेगळे रंग. ऑस्ट्रियातलं एक लहानसं गाव शोधलं, झाकणावरच्या गावाशी बरंचसं मिळतंजुळतं. हेल्गा नावाच्या बाईंचं चार खोल्यांचं जुनं लाकडी गेस्टहाउस मिळालं. तळमजल्यावरची खोली, म्हणजे जिने नकोत. मी रोज काहीतरी बुक करायचो, आणि प्रत्येक बुकिंग कॅन्सल होणारं आहे ना, हे दोनदा तपासायचो. शिकागोहून आमच्या लेकीनं, ईशानं, ती शीट बघितली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही अख्खे आल्प्सच रिफंडेबल घेतलेत. धिस इज नॉट अ प्लॅन, धिस इज ॲन एक्झिट." मी विषय बदलला. तिचं बरोबर होतं. आम्ही जाणार आहोत यावर माझा विश्वासच नव्हता. मी प्लॅनिंग करत होतो ते वृंदाला बरं वाटावं म्हणून.

आता मालूमावशी. ही वृंदाची मावशी, वय चौऱ्याऐंशी, आमच्याकडेच असते. तिनं कॅलेंडर बघितलं आणि जाहीर केलं की आमच्या निघायच्या दिवशी अमावास्या आहे. तिकीट बदलायला मी साफ नकार दिला. तेव्हा ती म्हणाली, "मग दसऱ्याला प्रस्थान ठेव."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी थोडंसं सामान घराबाहेर काढून शेजाऱ्यांकडे ठेवायचं. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. हे म्हणे थोडेच दिवस आधी ठेवायचं असतं, पण मावशीनं तो नियम स्वतःच्या अधिकारात तीन महिने वाढवला. "अमेरिकेत चालतं," म्हणाली. तिनं हिरव्या खणाचा एक तुकडा दिला, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं रफू केलेला. आत तांदूळ, सुपारी आणि हळकुंड. "यात तुझी एक वस्तू घाल, वृंदाची एक घाल, गाठ मार आणि शेजारी देऊन ये."

शेजारी म्हणजे माइक. रिटायर्ड फायरमन, सज्जन माणूस. पण त्याला जाऊन काय सांगू? हे तांदूळ जानेवारीपर्यंत सांभाळ? मी गॅरेजमध्ये गेलो, माझं एक जुनं पेन त्या खणात घातलं. मग वृंदाची वस्तू घालायची होती... आणि माझा हात पुढे होईना. का ते तेव्हा स्वतःशीही बोललो नाही. गाठ मारली, पुरचुंडी टेप आणि बॅटऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये सारली आणि मावशीला सांगितलं, देऊन आलो.

त्यानंतर साधारण आठवड्याभरात वृंदाची मोत्याची एक कुडी हरवली. मी सोफ्याच्या गाद्या उचलल्या, व्हॅक्यूमची पिशवीसुद्धा उपसली. ती म्हणाली, "जाऊ दे रे, मिळेल." असल्या गोष्टी न मानणारा मी, त्या कुडीपायी दोन दिवस जेवलो नाही धड.

डिसेंबरात स्कॅन झाला. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. बुधवारी सकाळी मी ऑफिसमध्ये होतो, हेल्गाबाईंची ईमेल आली. सप्टेंबरपासून घर बंद होतं, आज उघडलं, तुमची खोली तयार केली, फोटो जोडलाय. आणि खाली एक ओळ – तुमचं छोटं पार्सल खिडकीत ठेवलंय, मी उघडलेलं नाही.

फोटोत टाइल्सची मोठी शेगडी होती, भोवती लाकडी बाक. मागे खिडकी, खिडकीबाहेर बर्फ. आणि खिडकीच्या फळीवर हिरव्या खणाची पुरचुंडी. मी फोटो मोठा केला. कोपऱ्यात लाल रफू. फक्त गाठ माझी नव्हती. मी साधी गाठ मारली होती, ही वर दोन टोकं काढून नीट बांधलेली होती.

मीटिंग सोडून घरी आलो. ड्रॉवर उघडला. टेप, बॅटऱ्या, स्क्रू ड्रायव्हर. पुरचुंडी नाही. सगळे ड्रॉवर काढून जमिनीवर मांडले. मला घाबरायला हवं होतं, पण झालं उलटंच. सप्टेंबरपासून छातीवर जे काही बसलं होतं ते हळूच उठून गेलं. गॅरेजच्या फरशीवर बसून मी बराच वेळ नुसता रडलो, आणि कोणाला काही बोललो नाही.

गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला. डाग गेला होता. जुन्या इन्फेक्शनचा असावा, म्हणाले. वृंदानं फोन ठेवला आणि चहा टाकायला गेली. आधण उकळून गेलं तरी तिथेच उभी होती. मी तिला धरलं, तेव्हा कुठे तिनं रडून घेतलं.

शनिवारी सकाळी मी तिला फोटो दाखवला आणि पेनाचं सगळं कबूल केलं. आम्ही हेल्गाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होत आली होती. हे आलं कसं, विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माहीत नाही. दार उघडलं तेव्हा खिडकीतच होतं. त्यावर तिकीट नाही, पत्ता नाही. पण या हंगामात त्या खोलीचं पहिलं बुकिंग तुमचंच आहे, म्हणून मला वाटलं तुमचं." मी उघडायला सांगितलं. त्यांनी गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड. माझं पेन. आणि पेनाशेजारी मोत्याची कुडी.

मी वृंदाकडे बघितलं.

"ती मी घातली," ती म्हणाली. "टेप शोधत होते, तेव्हा ड्रॉवरमध्ये ते सापडलं. मावशीचा खण ओळखला, उघडून बघितलं तर एकटं तुझं पेन. मला वाटलं, हा एकटाच निघालाय की काय. मग कानातली काढली आणि घातली."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? तू रोज इतकं मन लावून कॅन्सल होणारी तिकिटं काढत होतास."

मी विचारलं, "आणि तिकडे पाठवलंस कोणाबरोबर?"

"पाठवलं नाही. तिथेच ड्रॉवरमध्ये परत ठेवलं."

कुडीचं कोडं सुटलं, गाठीचंही. पण ड्रॉवर ते खिडकी, या मधल्या अंतराचं काय? वृंदा खोटं बोलत नाही. ईशा तेव्हापासून एकदाही ह्यूस्टनला आलेली नाही. गॅरेजच्या कॅमेऱ्याचं जेवढं फुटेज शिल्लक होतं ते पाहिलं, आमच्याशिवाय कोणी नाही. एकट्या मावशीला यात काही विशेष वाटलं नाही. "प्रस्थान पुढे जायलाच ठेवतात ना," एवढंच म्हणाली, आणि माइककडे न दिल्याबद्दल मला झापलं.

जानेवारीत, अमावास्येच्या दिवशी आम्ही निघालो. वृंदा लाल स्वेटर घालून लहान मुलांच्या उतारावर स्की शिकली, म्हणजे तीन दिवस पडली आणि दर वेळी हसत उठली. मावशीच्या सांगण्यावरून ते तांदूळ आम्ही चर्चमागे पाखरांना घातले. कुडी परत कानात गेली.

फाइल अजून उघडी आहे. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मात्र मी आता पहिल्यासारखा खोदत नाही. पुढचा स्कॅन जूनमध्ये आहे आणि त्यानंतरची नॉर्वेची तिकिटं मी काढलीत... कॅन्सल न होणारी. मावशीनं नवा खण दिला. या वेळी त्यात आधी वृंदाची बांगडी घातली, मग माझं पेन, आणि स्वतः जाऊन माइकच्या हातात दिलं. त्यानं काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, फ्रिजवर ठेवलं तर चालेल ना?