रस्त्याकडची खिडकी
शाळेच्या ग्राउंडवर कुणी फक्की मारत असलं, की चुन्याच्या त्या कोरड्या वासाने मला मांडवीजवळचा एक प्लॉट आठवतो. आमचं आर्किटेक्टचं ऑफिस तेव्हा तिघांचंच. घर बांधण्याआधी त्याचा नकाशा जमिनीवर फक्कीने खऱ्या मापात आखायचा आणि घरच्यांना त्यातून फिरवायचं, ही आमची पद्धत. त्या दिवशी वारं असं सुटलं होतं, की रेघा पुसत होत्या आणि मी चिडून परत परत आखत होते. घर जिचं होणार होतं तिचा नवरा बोटीवर असायचा, म्हणून स्वयंपाकघराला मी समुद्राकडे मोठी खिडकी दिली होती. "इथून त्यांची वाट बघता येईल," मी कौतुकाने म्हटलं. पण ती तिथे उभीच राहीना. सारखी पलीकडच्या रेघेपाशी जाऊन रस्ता बघून येई. शेवटी म्हणाली, "ताई, हे समुद्रातनं नाय येत. विमानानं मुंबईला उतरतात, मग बसनं हातखंब्याला, तिथनं रिक्षा. खिडकी इकडे करा." आम्ही खिडकी फिरवली. माझ्या स्वतःच्या घरात मात्र मी समुद्रच घेतला. लेक परगावी नोकरीला गेल्यापासून त्या खिडकीत मला बसवत नाही. रिक्षा थांबल्याचा आवाज आला, की उठते आणि पुढच्या दारातून रस्ता बघून येते.