सासऱ्यांची कानडी

माझे सासरे गावचे पटेल होते आणि शेवटची दोन वर्षं त्यांच्या वतीने मी बोलत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण लपवायचाही कंटाळा आला आहे.

म्हैसूरहून कडकोळच्या वाटेने बैलगाडी सकाळी निघाली की दुपारच्या जेवणाला पोचायची, एवढ्या अंतरावर आमचं गाव. सासऱ्यांचे आजोबा राजाच्या घोडदळात होते. त्यांना इथे जमीन मिळाली, मागोमाग पटेलकी आली. अख्ख्या गावात मराठी बोलणारं घर आमचं एकच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. मी म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात वाढलेली, कानडी माझीही चांगली, पण सासरे ओट्यावर बोलायला लागले की मी हातातलं काम टाकून ऐकत राही.

सरकारच्या लेखी पटेल म्हणजे सारा वसूल करणारा. लोक त्यांच्याकडे येत ते मात्र भांडणं घेऊन. बांधाचं भांडण, भावाभावांचं भांडण, सुनेला माहेरी धाडायचं की नाही, सगळं आमच्या ओट्यावर. आलेल्यांना आधी ताक पाजायचं, मग बोलू द्यायचं, हा त्यांचा नियम. ताक घुसळणारी मी. गावात कुणाचं बिनसलं की माझे खांदे दुखायचे.

पण त्यांचं नाव झालं ते तळ्यामुळे. तळ्याखाली भाताची शेतं, एकाखाली एक. आमचं सगळ्यांत वरचं, तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीला लागून. तळं अर्धंच भरलं तर सासरे स्वतः बांधावर जाऊन बसत, पहिलं पाणी तळच्या शेताला सोडायला लावत, आणि आपलं शेत शेवटी. कधी आम्हाला पुरे, कधी नाही. नाही पुरलं की वर्षभर भाताऐवजी मुद्दे, नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे. गाव त्यांना देव मानत होतं. देवाच्या घरी चूल पेटवणारीला काय वाटतं, हे विचारायला कुणी आलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही.

एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. उजवा हात लुळा झाला, जीभ जड झाली. चार दिवसांनी बोलायला लागले तेव्हा मराठीत बोलले, आम्हाला वाटलं सुटलो. मग नीरगंटी भेटायला आला. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा तो, रोजचा माणूस. सासरे त्याच्याशीही मराठीतच पुटपुटू लागले. कानडीचा एक शब्द तोंडातून येईना. कपाळावर घाम फुटला. मी दाराआडून पटकन कानडीत म्हटलं, “त्यांचा आवाज बसलाय. तुझी म्हैस व्याली का, विचारतात.” तो बिचारा रडायलाच लागला.

माझे यजमान म्हैसूरला कचेरीत कारकून. रविवारी आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, “हे बाहेर फुटता कामा नये. अमलदारांच्या कानावर गेलं तर पटेलकी जाईल, आणि अप्पांचं काय राहील?” सोमवारी ते परत गेले.

ज्यांच्यासमोर मान वर करायची मला मुभा नव्हती, त्यांचं तोंड मी झाले. ते खांबाला टेकून ओट्यावर बसत, मी दाराआड. ते पुटपुटत, मी मोठ्याने कानडीत सांगे. आधी शब्दाला शब्द. मग त्यांच्या शिव्या गाळू लागले. मग लांबण कापू लागले, कारण आत दूध उतू जात असे, धाकटा रडत असे. त्यांना उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं माझ्याच अंगावर. लोक म्हणत, आजारपणानंतर पटेलांचं बोलणं किती मोजकं झालं! मला हसू यायचं, पण हसायलाही अंगात त्राण नसे.

दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. तळं जेमतेम पाव भरलं. पाणी कुणाला द्यायचं हे ठरवायला सगळे शेतकरी ओट्यासमोर जमले. तळच्या शेताचा मालक पुढेच उभा होता. सगळ्यांनी आपापलं सांगून झाल्यावर सासरे बोलले. इतकं स्वच्छ ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते, आवाज मात्र दारापर्यंतच पोचेल एवढा.

“आमचं रान कोरडं राहू दे. आधी खालच्याला सोडा. आम्हाला नक्को.”

घरातली कणगी रिकामी होती. थोरली तापातून नुकती उठली होती, तिला मऊ भात द्या असं वैद्यांनी सांगितलं होतं, आणि मी तिला नाचणीची आंबील पाजत होते. मी ध चा मा केला. दाराआडून म्हटलं, “पाणी वरून खाली जाऊ द्या म्हणतात. जिथवर पुरेल तिथवर.”

तळच्या शेताचा मालक सासऱ्यांकडे बघत म्हणाला, “बुद्धी, इन्नोम्मे हेळी. आणखी एकदा सांगा.” आमच्याकडे खेड्यात मोठ्या माणसाला ‘बुद्धी’ म्हणतात. सासऱ्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. त्यांना कानडी बोलता येत नव्हतं. मी काय सांगितलं ते कळलं की नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. मी तेच पुन्हा सांगितलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला अजून लाज वाटते. त्या माणसाने हात जोडले आणि तो निघून गेला.

पाणी त्याच्या शेतापर्यंत पोचलं नाही. पीक वाळलं. तो बायकोला घेऊन म्हैसूरला नव्या राजवाड्याच्या कामावर दगड वाहायला गेला. आमच्याकडे नवा तांदूळ आला. थोरलीने पोटभर खाल्लं. सासऱ्यांना मी भरवला, त्यांनी मुकाट्याने खाल्ला. एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

त्या उन्हाळ्यात, सकाळची पेज पाजतानाच ते गेले. गावात त्या दिवशी एकाही घरी चूल पेटली नाही. तळच्या शेताचा मालक म्हैसूरहून चालत आला आणि सरणाची लाकडं त्याने फोडली.

तेराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली. तो ओट्याच्या पायरीवर बसून राहिला. मी विडा द्यायला गेले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, “त्या दिवशी ते तसं म्हणाले नव्हते. ते मीच सांगितलं.”

“गोत्तु, अव्वा,” तो म्हणाला. “ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? जन्मभर त्यांच्या हातून पाणी घेतलं मी. तळं भरलं नाही तर आपलं शेत त्यांनी आधी कधी भिजवलं नाही. ते बोलणं त्यांचं नव्हतंच. म्हणून तर पुन्हा विचारलं.”

“मग तिथंच का नाही बोललास?”

तो विडा हातात फिरवत राहिला. “बोललो असतो तर पटेल संपले हे चारचौघांत उघड झालं असतं. ते तिथे बसलेले असताना. एक पीकच गेलं ना, अव्वा? पीक पुन्हा येतं.”

मला ओरडून रडावंसं वाटत होतं, पण दोन वर्षांत सगळं आटून गेलं होतं. दाराची चौकट धरून मी उभी राहिले.

मग त्यानेच विचारलं, “खरं काय म्हणाले होते?”

मी सांगितलं. कानडीत, काही न गाळता, काही न घालता.

“हां,” तो म्हणाला, “हे बुद्धींचं बोलणं.” आणि पायरीवर डोकं टेकून रडायला लागला.