वहिनीच्या अभ्यासाचा टीव्ही

परवा भाचीनं लॅपटॉपची वायर भिंतीवरच्या टीव्हीत खुपसली आणि चहा निवायच्या आत पडदाभर अक्षरं उमटली. तिला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र कप हातात घेऊन तशीच बसून राहिले. ही पोर पाच वर्षांची असताना तिला सोडून जायची पाळी तिच्या आईवर, म्हणजे माझ्या वहिनीवर, आली होती. ती टळली देवळीच्या घरातल्या एका पोट सुटलेल्या टीव्हीमुळे. तापला की त्यातून जळक्या धुळीचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो, कुणी हसलं तर हसो.

वहिनी एका कार्यालयात टायपिस्ट होती. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर येणार होते आणि त्यावरच्या टायपिंगच्या परीक्षेत जो नापास होईल त्याची बदली थेट लांब आर्वीकडे. दादाची शेती देवळीत, मुलीची शाळा देवळीत. दादानं कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणला, आणि परीक्षेला तीन आठवडे उरले असताना विजेच्या लपंडावात त्याचा मॉनिटर उडाला. वर्ध्याच्या कॉलेजात चार धडे शिकलेली मी शहाणपणानं म्हणाले, "वहिनी, आता राहू दे." ती कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागं वाकून बघत होती. म्हणाली, "इथं पिवळं भोक आहे. टीव्हीलेबी आहे. मंग काऊन नाई जोडायचं?"

दादानं वर्ध्याहून वायर आणली. चित्र आलं, पण काळंपांढरं, थरथरतं, कडा गिळलेलं. ओळीची पहिली-शेवटची अक्षरं पडद्याबाहेरच. वहिनीनं अक्षरं मोठी केली, दोन्हीकडचा समास वाढवला आणि बसली.

खरी अडचण पुढंच होती. आमचा टीव्ही म्हणजे गल्लीचा टीव्ही. संध्याकाळी मालिकेच्या वेळेला सात-आठ जणी हक्कानं यायच्या. दादा ओशाळून वायर काढायला उठला, तर वहिनी मान न वळवता म्हणाली, "हात नका लावू. मालिका तीन हप्ते बंद. बसाचं असन त बसा, मी टाइप करून राह्यली."

आणि त्या खरंच बसल्या. शेंगा सोलत, वाती वळत तिचे सरकारी अर्ज बघू लागल्या. शेजारच्या काकू तर मोठ्यानं वाचायच्या. "थांब वं, 'महोदय'चा य राह्यला तुहा." वहिनी निमूट य घालायची. मला त्या बायकांचा असा संताप यायचा! वाटायचं, या हिला बुडवणार.

परीक्षेला मी सोबत गेले होते; दाराच्या काचेतून बघत होते. परीक्षक पाठीमागं येऊन थांबला की वर्षानुवर्षं टाइप केलेल्या माणसांचे हात थिजत होते. वहिनीच्या मागं तो कितीतरी वेळ उभा होता. तिला पत्ताच नव्हता.

महिन्याभरानं बदल्यांची यादी लागली. तिच्यात वहिनीचं नाव नव्हतं. घरी येऊन तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि ओक्साबोक्शी रडली. इतक्या दिवसांत टिपूस न काढलेली बाई.

माझं आयुष्य बरं चाललं. कशासाठी इतकं अडून बसायची वेळच आली नाही. याला मी बरीच वर्षं नशीब म्हणत आले. हल्ली वाटतं, आली असती तर मी बसले असते का? उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मला आवडत नाही.