खरं बोलून फसवणारा मेकॅनिक

कलासीपाळ्यातल्या त्या मेकॅनिकने मला खरं बोलून फसवलं. त्याने विकायला काढलेल्या जुन्या मोटारीत त्याने स्वतः जुळवलेलं इंजिन होतं, अर्धं पिठाच्या गिरणीचं आणि अर्धं विहिरीच्या पंपाचं. मी बॉनेट उघडलं तसा तो नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाला, "घेऊ नका, अण्णा. बसवनगुडीच्या चढावर बंद पडते."

मी घासाघीस करून वर आलेला माणूस. विकणाराच मालाला नावं ठेवतो, तेव्हा त्याने दुसरं गिऱ्हाईक ठरवलेलं असतं.

"एवढी वाईट आहे, तर तुम्ही कशाला ठेवलीत?"

"मला आवडते," तो म्हणाला.

माझा संशय पक्का झाला. मी त्याच्याशी भांडलो आणि त्याने सांगितल्यापेक्षा जास्त देऊन मोटार घेतली.

दुसऱ्या दिवशी बायकोला बसवून निघालो. त्याच चढावर इंजिन बंद पडलं आणि मागचा टांगा आमच्या पुढे निघून गेला. सायकल झाडाला टेकवून, हातात पाना घेऊन मेकॅनिक तिथे आधीच उभा होता.

"स्वल्प उशीर केलात, अण्णा."

आता तो रोज तिथे असतो, मोटार चालू करून देतो आणि काहीच मागत नाही. असल्या माणसाला मोटारी विकायला कोणी बसवलं, त्याने पुढे येऊन मला जाब द्यावा.