मांडीतला रॉड

वडिलांच्या उजव्या मांडीतला रॉड मोडला तेव्हा ते गाईशेजारी उकिडवे बसून धार काढत होते. दोन गुडघ्यांत किटली, अर्धी भरलेली. ते पडले नाहीत. आधी किटली बाजूला सरकवली, मग आईला हाक मारली. "आतनं कट् आवाज आला, वाळल्या तुराटीवानी," असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

अपघात त्याच्या सात महिने आधीचा. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावी डेअरीवर दूध घालायला जाताना मोटारसायकल घसरली आणि मांडीचं हाड मधोमध मोडलं. नगरला ऑपरेशन करून हाडाच्या पोकळीत रॉड घातला. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला एक्स-रे दाखवला.

"रॉड हा तात्पुरता आधार आहे. यांना शुगर आहे, शिवाय तंबाखू. हाड जुळायला वेळ लागेल. तोवर सगळा भार रॉडवर पडत राहिला, तर तार वाकवून वाकवून तुटते तसा तोही तुटेल. मी सांगेपर्यंत वॉकर सोडायचा नाही, उकिडवं बसायचं नाही."

मी नगरला वृत्तपत्रात काम करतो. लांब मजकुराच्या दोन ओळी करणं हा माझा रोजचा उद्योग. वॉर्डात आलो तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हनला डॉक्टर?"

"रॉड एकदम मजबूत आहे, आण्णा. मोडायचा नाही. थोडे दिवस वॉकर वापरा."

त्यांनी डोळे पुसले आणि गाईला कोण पिळतंय ते विचारलं.

गाय आईला पान्हा सोडत नव्हती. चौथ्या महिन्यात वडिलांनी वॉकर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला. आधी ते उपड्या बादलीवर बसून धार काढत, नंतर पहिल्यासारखे उकिडवे. एक्स-रेची एक तारीख माझ्या ड्युटीमुळे पुढे गेली, ती गेलीच. फोनवर मी विचारायचो, दुखतं का. "थोडं थोडं. पन रॉड हाय की आत," ते म्हणायचे.

दुसऱ्या ऑपरेशनला बराच वेळ लागला. रॉडचा वरचा तुकडा लवकर निघाला, खालचा हाडात रुतून बसला होता. कमरेचं थोडं हाड घेऊन तुटल्या जागी भरलं, नवा रॉड घातला, बाजूने धातूची पट्टी लावली. पाय आखूड झाला आणि गुडघा पुरता वाकेना. आता उकिडवं बसणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी या वेळी थेट त्यांनाच सांगितलं. पंधरा दिवसांनी गाय विकली. तिला नेताना वडील घरातच बसून राहिले.

भेटायला माणसं येत होती. दवाखान्यातून मागून आणलेले जुन्या रॉडचे दोन तुकडे वडील रुमालाची गाठ सोडून दाखवायचे. "डॉक्टर म्हनला हुता, मोडायचा न्हाई. ह्याला इचारा, ह्याच्यासमूर म्हनला." मी चहाचे कप वाटत असायचो.

एकदा शेजारचे काका म्हणाले, "आरं, तू पेपरात हाईस ना? मग छाप की त्या डॉक्टराचं नाव! का नुसत्या लोकांच्याच भानगडी छापतो?"

सगळे हसले. वडील हसले नाहीत. "खरंच, छापशील का?" त्यांनी मला विचारलं.

माणसं गेल्यावर मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं पहिल्यापासून सांगितलं. तारेचं, हाडाचं, उकिडवं बसण्याचं. ते ऐकत होते आणि हातातल्या दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना लावून पाहत होते. टोकं नीट बसत होती.

"मग तवाच सांगायचं हुतं रं."

"तुम्ही रडत होता, आण्णा."

"अजून थोडं रडलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. वडिलांनी रुमाल सोडला. मामांनी तुकडा हातात घेऊन वजन पाहिलं आणि चिडून विचारलं, "एवढा जाड रॉड मोडतो कसा? डॉक्टरनं काही सांगितलं न्हवतं का?"

"सांगितलं हुतं त्यानं सगळं," वडील म्हणाले. "मीच ऐकलं न्हाई."

मी चहा घेऊन दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुकडे रुमालात बांधले आणि मामांना त्यांच्या उसाचं विचारलं.