तेल प्यायलेली जमीन

गोव्यातल्या सुर्ल्याच्या कृष्णनाथला तांबडा रंग डोळ्यांसमोर नको होता. तीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर बसून त्यानं खनिजाचे ट्रक तोलले. सदरा तांबडा, रुमाल तांबडा, कानातला मळसुद्धा तांबडा. खाण बंद पडली, हा घरी बसला आणि खाली बघतो तर काय, लाल कोब्याची जमीन! झालं, डोकं फिरलं. "चवथीक गणपती पांढऱ्या जमनीर बसतलो," असं त्यानं जाहीर केलं आणि शेजारच्या सगुणला, म्हणजे निवृत्त बसचालकाला, बघायला यायचं आमंत्रणही देऊन टाकलं.

म्हापशाहून तो विनाइल फरश्यांच्या चार पेट्या घेऊन आला. मागचा कागद सोलायचा नि चिकटवायची, एवढंच काम. दुकानदारानं बजावलं होतं, जमीन सपाट हवी, कोरडी हवी, तेलकट तर मुळीच नको. आधी चिकटपट्टी लावून बघा, ओढताना जोर लागला तर जमीन तयार. कृष्णनाथ काट्यावरचा माणूस, चाचणी म्हटली की त्याला चेव यायचा. त्यानं भेगा सिमेंटनं भरल्या, उंचवटे घासले, झाडलं, पुसलं, पंखा लावून वाळवलं आणि चिकटपट्टी लावली. ती आपोआप सुटली, पंख्याच्या वाऱ्यानं उडाली आणि देवाच्या तसबिरीला जाऊन घट्ट चिकटली.

"तेल पिल्ली जमीन ती," दारातून त्याची बायको चंद्रावती म्हणाली, जरा तोऱ्यातच.

नारळाचा रस काढून झाला की उरलेला चोथा फडक्यात बांधायचा आणि त्या पोटलीनं कोबा घासायचा, ही तिची लग्नापासूनची रोजची रीत. जमीन अशी लखलखीत की पडलेली सुई प्रतिबिंबासकट उचलावी लागे. आल्यागेल्यानं तोंडात बोट घालावं असं तिच्याकडे तेवढंच होतं. आता नवरा तेच खरवडायला निघाला होता. पण "करा काय तां" एवढंच म्हणून ती आत गेली.

मग सोडा आला, राख आली, भांड्यांचा साबण आला. शेवटी उकळतं पाणी ओतलं, तर आतलं तेल वर येऊन जमिनीला घामच फुटला. बैठकीत कुणी अनवाणी पाऊल टाकायचं नाही असा हुकूम सुटला. कृष्णनाथ स्वतः धुतलेले मोजे घालून आत जायचा. मांजरालाही घालायला गेला, त्याचे ओरखडे अजून त्याच्या हातावर आहेत.

चवथीला चार दिवस उरले तेव्हा त्यानं देवाचं नाव घेऊन फरश्या लावल्याच. सकाळी त्या शहाण्यासारख्या बसल्या. दुपारी ऊन तापलं आणि सगुण बघायला आला. त्यानं उंबरठ्याच्या आत पाय ठेवला मात्र, फरशी त्याला घेऊन निघाली ती थेट स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"बस बरी रे," तिथूनच तो ओरडला, "तिका ब्रेक तरी आसता!"

चवथीच्या आदल्या दिवशी कृष्णनाथ मुकाट्यानं फरश्या गोळा करायला बसला. सगळ्या नुसत्या नखानं सुटल्या. खिडकीजवळची एक मात्र हलेना. सुरी घातली, उलथणं घातलं, तरी ढिम्म.

"हीच कशी चिकटली गो?"

चंद्रावतीनं फरशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हंय तुमची खुर्ची. मी घासूक इलंय की तुमी म्हणायचात, आता नाय, मागीर, मागीर. तीस वर्सांत एक दीस पाय उचलूक नाय तुमी. तां मागीर आजून येवचा आसा."

कृष्णनाथला लाज वाटली. अगदी कान तापेपर्यंत वाटली. तो उठला, स्वयंपाकघरातून चोथ्याची पोटली घेऊन आला आणि गुडघे टेकून कोबा घासू लागला. अर्ध्या बैठकीतच त्याची कंबर धरली. चंद्रावतीनं व्हरांड्यात काढून ठेवलेली त्याची खुर्ची आत ओढली, खिडकीजवळ त्या एकुलत्या पांढऱ्या फरशीवर मांडली आणि ऐसपैस बसली. त्या खुर्चीत ती आजवर कधी बसली नव्हती.

घासत घासत कृष्णनाथ तिथवर पोचला. "पाय उचल गो," तो धापा टाकत म्हणाला.

"मागीर," चंद्रावती म्हणाली.